माझ्या हातच्या आंबोळ्या

माझ्या सासूबाईंना मी वर्षभर, दर रविवारी सकाळी नऊ वाजता, गरमागरम फसवलं. आता सांगूनच टाकतो.

२०२०च्या सुरुवातीला त्या मालवणहून दोन महिन्यांसाठी डब्लिनला, आमच्या सँट्रीच्या फ्लॅटवर आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. एका संध्याकाळी टोस्टकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला. "आंबोळी खावन किती दिस झाले गो!"

तोवर मी सासूबाईंशी वर्षाला सरासरी चार वाक्यं बोलणारा माणूस. पण पाचवं तोंडातून निघून गेलं, "रविवारी मी करतो!"

आयर्लंडच्या थंडीत पीठ आंबत नाही, हे इथल्या तमाम मराठी घरांचं सामाईक दुःख. मी पातेलं टॉवेलांत गुंडाळून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, ठेवलं. दोन दिवसांनी टॉवेल आंबले. पीठ जसंच्या तसं!

शनिवारी पाय मोकळे करायला (खरं तर पळून जायला) बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच्या एरिट्रियन हॉटेलातून तोच वास! आंबट, ओळखीचा. नवरा-बायकोचं चिमुकलं हॉटेल, तेव्हा फक्त पार्सल. आत मालकीण अल्मझबाई भल्यामोठ्या तव्यावर जाळीदार, मऊ, परातीएवढी इंजेरा, म्हणजे त्यांच्याकडची आंबोळीच, घालत होत्या.

"सोबत चिकन? मसूर?"

"नको. नुसत्याच द्या."

"नुसत्या?" नुसती इंजेरा नेणारं गिऱ्हाईक बहुधा त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"घरी सासूबाई आजारी आहेत," मी म्हणालो. "दुसरं काही पचत नाही त्यांना." (एक खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते.)

रविवारी पहाटे डब्याच्या झाकणानं मी इंजेरातून गोल गोल आंबोळ्या कापल्या आणि तव्यावर गरम केल्या. रंग जरा काळपट होता. "नाचणी घातलीय," मी म्हणालो. "कॅल्शियम!"

सासूबाईंनी चटणीशी चार खाल्ल्या. "बऱ्यो झाल्यात हां, जावयबापू!"

लग्नानंतर सोळा वर्षांनी मी जावयबापू झालो! मग माघार कसली? दर शनिवारी इंजेरा, दर रविवारी कौतुक. कातरण मी गाडीत बसून गुपचूप खायचो. मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणी कृती विचारली, तर "हात सैल ठेवा" असा सल्लाही देऊन मोकळा व्हायचो. रात्री मात्र छातीवर पातेलं ठेवल्यासारखं वाटायचं.

२०२१च्या उन्हाळ्यात हॉटेलांना बाहेर टेबलं मांडायची परवानगी मिळाली. सासूबाईंचं परतीचं तिकीटही आलं. माझी बायको मंजिरी म्हणाली, "जाण्याआधी आईला जेवायला नेऊ. कोपऱ्यावरच्या त्या छोट्या हॉटेलात."

"तिथं? पाऊस येईल!"

"छत्री आहे."

"आईंना तिखट झेपेल का?"

"अहो, मालवणची आहे ती!"

गेलो. मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला होता, पण अल्मझबाई धावतच आल्या. सासूबाईंना बघून त्यांचे डोळे भरले. त्या इंग्रजीत काहीतरी भडाभडा बोलल्या.

"ही काय म्हणता गो?" सासूबाईंनी नातीला विचारलं.

"आजी, शी सेज तू बरी झालीस!" बारा वर्षांची रिया म्हणाली. "शी प्रेड फॉर यू. एव्हरी संडे!"

"माका काय झालेलां?"

मी मेनूकार्डात शिरलो. तेवढ्यात एकच मोठं ताट आलं: खाली परातभर इंजेरा, वर मसूर, कोबी, चिकनचा लालभडक रस्सा. चौघांत एक! (वर्षभर मटारसुद्धा साबणानं धुणारी मंजिरी चक्क बाह्या सरसावून बसली.) अल्मझबाईंनी हात धुतले, एक घास गुंडाळला आणि त्यांच्या रीतीनं, मानाचा म्हणून, थेट सासूबाईंच्या तोंडात भरवला.

सासूबाई चावू लागल्या. सावकाश.

"आई," मी एका दमात ओकलो, "ती आंबोळी हीच! मी एकही केली नाही. झाकणानं कापायचो. आजारही मीच लावला तुम्हाला. माफ करा!"

"पयल्याच आयतवारी कळलां माका," त्या शांतपणे म्हणाल्या. "मेथ्यांचो वास नसलेली आंबोळी मी साठ वर्सांत बघूक नाय."

मी मंजिरीकडे वळलो.

"गाडीच्या सीटखाली कातरण सापडायचं," ती म्हणाली. "म्हणून तर इथं आणलं. म्हटलं, आई जायच्या आधी तरी बोलाल."

"आय फॉलोड यू वन्स, बाबा," रिया म्हणाली. "इट्स ग्रँड." (इथल्या इंग्रजीत, चालतंय.)

"मग वर्षभर कुणी बोललं का नाही?"

सासूबाईंनी दुसरा घास गुंडाळला. "बोललंय आसतंय, तर तुमी खऱ्यो करूक बसले आसतास. मगे त्यो खावच्यो कोणी?"

तिघींनी एकदम माना डोलावल्या. वर्षभर तीन बायकांनी मिळून मला स्वयंपाकापासून लांब ठेवलं होतं, आणि मी समजत होतो, स्वयंपाक मीच करतोय!