घरात कुणी आजारी नाही

सोनारीच्या काळभैरवनाथाच्या देवळाबाहेर शिवकांता नारळ-गुलालाचं दुकान चालवायची. तिशीतच तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, सांधे सुजले, उन्हात बसणं मुश्कील झालं. गिऱ्हाइकं तिच्या हातचा गुलाल घेईनाशी झाली. सासू सखूबाईनं तिचं ताट वेगळं केलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा ल्यूपस; शरीराची राखण करणाऱ्या पेशीच शरीरावर उलटतात, दुसऱ्याला लागत नाही. तरी ताट वेगळंच राहिलं.

पुण्याच्या त्याच दवाखान्यात एका नव्या अँटिबॉडीची, म्हणजे सलाइनमधून द्यायच्या औषधाची, चाचणी चालू होती. माणसांवर पहिल्यांदाच, मोजक्या रुग्णांवर. उलटलेल्या पेशी ती मारायची. पण काही महिने शरीराची राखणही ढिली पडायची. डॉक्टरांनी हे बजावलं होतं. शिवकांतानं सगळं ऐकून होकार दिला. लेकीची, ज्ञानेश्वरीची वेणी तिला स्वतःच्या हातानं घालायची होती, एवढंच तिचं मागणं.

आणि घातलीही! दुसऱ्या सलाइननंतर बोटं वळू लागली. वेणी घट्ट झाली म्हणून पोरगी ओरडली, तर ही बया खदखदून हसली. ते हसू आठवलं की मला अजून संताप येतो.

कारण त्याच आठवड्यात दिराच्या लेकीच्या, हर्षालीच्या अंगावर फोड आले. कांजण्या. पण आमच्याकडं त्याला आजार म्हणत नाहीत. घरात आई आली म्हणतात, आणि आलेल्या देवीची सेवा करतात. जिचं ताट वेगळं होतं, तिलाच सखूबाईनं हाक मारली, "तू बस पोरीपाशी. आईची सेवा कर, तुझं बी भलं व्हईल." इतक्या वर्षांनी घरानं जवळ केलं म्हणून शिवकांता हरखली. पोरीला मांडीवर घेऊन लिंबाच्या डहाळीनं वारा घालत बसली.

तेवढ्यात पुण्याहून नर्सचा फोन आला. "शिवकांताताई, घरात कुणी आजारी नाही ना?"

"न्हाय बाई, समदे बरे हायती."

खोटं ती बोललीच नव्हती. पंधरवड्यानं फोड तिच्या अंगावर उठले आणि फुफ्फुसात उतरले. डॉक्टर कळवळून म्हणाले, "अहो, घरात कांजण्या होत्या हे सांगितलं का नाही?"

तिला धाप लागली होती. "तुमी आजाराचं इचारलं व्हतं."

हर्षाली बरी होऊन अंगणात खेळत होती, तेव्हा शिवकांताचा देह चादरीत गुंडाळून घरी आणला. ज्ञानेश्वरीनं हंबरडा फोडला, तशी सखूबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! तिच्या अंगावर आई हाय. रडलीस तर आई कोपंल."