ताटलीतला ओला रुमाल

फोन आला तेव्हा मी जव्हारहून खोडाळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये होते. घाटात रेंज गेली, आणि बाजारात उतरले तेव्हा म्हसकर सरांच्या नंबरावरून आलेले तीन मिस्ड कॉल दिसले. बियाण्याचा डबा उन्हात तर राहिला नाही ना, हे विचारायला केले असतील, असं वाटलं. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. आजही मराठीत उत्तर द्यायचं तर वाक्य आधी मनात जुळवते. तसं ते जुळवलं आणि फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीने, वृंदाताईने. "बाबा गेले गं सकाळी..." तपासणीसाठी दोन दिवस ठाण्याला जाऊन येतो, असं सांगून ते गेले होते. सुक्या मासळीच्या दुकानासमोर उभी राहून मी ते जुळवलेलं वाक्य तरीही बोलून टाकलं, "डबा सावलीत आहे."

सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नंतर ते आमच्या विद्यापीठाचे कुलसचिव झाले, आणि मुदत संपायला अवकाश असतानाच ते पद सोडून पुन्हा विभागात शिकवायला आले. कॅन्टीनमध्ये तर्क चालले. चौकशी लागली असेल, कुलगुरूपद हुकलं म्हणून रुसले असतील. त्यांचे जुने लिपिक माझ्यासमोरच म्हणाले, "साहेब, गाडी जाणार, शिपाई जाणार, केबिन जाणार. मिळणार काय?" सर म्हणाले, "खडू तर देतील ना?" सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला खरं कारण माहीत होतं आणि ते पोटात ठेवायची धास्ती वाटत होती.

मी तेव्हा नुकतीच त्यांच्याकडे संशोधनाला लागले होते. केबिनमधलं जुनं कपाट आवरायला त्यांनी मला बोलावलं होतं. फायलींच्या मागे पत्र्याचा एक डबा निघाला. तो पाहून सर खुर्चीत बसलेच. खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर सोनीबाई नावाची शेतकरी बाई राहते. उशिरा पिकणारी, काळपट दाण्याची नागली, म्हणजे नाचणी, एकट्या तिच्याकडे उरली होती, कारण बाकीची घरं, तिचा मुलगासुद्धा, दुकानातलं पाकिटाचं बियाणं पेरू लागली होती. तिकडे बियाणं कधी सगळं घराबाहेर देत नाहीत. एक मूठ तरी चुलीशेजारच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात राहते. सरांनी मात्र, उंदीर खातील, मी सुरक्षित ठेवतो, दरवर्षी विभागाच्या बागेत पेरतो, असं सांगून सगळं मागितलं. तिनेही मास्तर म्हणतोय म्हणून तुंबा रिकामा करून दिला. मग सर कुलसचिव झाले. एक हंगाम बैठकांत गेला, मग दुसरा, मग... त्या दमट कपाटात डब्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

त्यांनी स्टीलच्या ताटलीत ओला रुमाल अंथरला, त्यावर मूठभर दाणे पसरले आणि रुमालाची घडी वर ओढली. तो आठवडाभर ते बैठकीतून उठून यायचे, रुमालाचं टोक उचलून पाहायचे आणि परत जायचे. पुढच्या मुठीही तशाच पाहिल्या; सगळ्या डब्यातून शेवटी सात-आठ कोंब आले. राजीनामा त्याच आठवड्यात लिहिला. "कोणाला बोलू नकोस," मला म्हणाले, "सोनीबाईला मीच सांगेन."

जव्हारला त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आठवड्याचे तास संपले की तिकडे. त्या सात-आठ रोपांची पहिल्या वर्षी सोनीबाईच्या उतारावर जेमतेम एक ओळ झाली, मग दोन, मग एक तुकडा. बाकीचं बियाणं विभागाच्या बागेत आहे, असंच सोनीबाई समजत होती. लावणीच्या वेळी ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "मास्तर, रोप लावतोस का पोर झोपवतोस? हात चालव!" सर चिखलात उभे राहून हसायचे. चढ चढताना दर वेळी मला म्हणत, "आज सांगतो." उतरताना नुसता चष्मा पुसायचे. डबा बंद आहे ना, हे मात्र वाटेत चारदा विचारायचे. शेवटचे भेटले ते जव्हारच्या स्टँडवर. एसटीच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "राब भाजून झाला की यंदा सांगायचंच. तू बरोबर ये."

ते गेल्यावर दहाव्या दिवशी मी डबा घेऊन एकटीच गेले. उतारावर, रोपं टाकायच्या जागी पालापाचोळा जाळून भाजलेल्या राबाची काळी राख पसरली होती. रात्रभर जुळवलेली वाक्यं सोनीबाईसमोर सगळी विस्कटली, पण सांगितलं. तिने डबा उघडून गेल्या हंगामाचे दाणे हातावर घेतले.

"समदं मेलं व्हतं?"

"सात-आठ दाणे सोडून."

"नि चार वरसं माझ्या रानात हसत बसला!" तिचा आवाज चढला. "मी लय शिव्या घातल्या असत्या त्याला..." मग खाली बसली. "घालू द्यायला पायजे व्हत्या त्यानं."

मला वाटलं, आता ती जा म्हणेल. तिने डबा तुंब्यात ओतायला घेतला, मध्येच थांबली, एक मूठ फडक्यात बांधून माझ्यासमोर धरली. "हे तुझ्या घरी. एका घरात समदं ठेवायचं नाय. त्यालाबी सांगितलं व्हतं, पर तो सायब झाला."

सध्या मी सरांच्या खोल्यांमध्येच राहते. लावणीपुरतं तरी राहा, असं वृंदाताईने सांगितलं आहे. त्यांच्या टेबलावर तीच ताटली आहे, रुमालही तोच, कडेला शाईचा डाग असलेला. फडक्यातले थोडे दाणे त्यात घातले आहेत. या उन्हाळ्यात डबा खरंच सावलीत होता का, मी फोनवर खरं बोलले होते का, हे आता ते दाणेच सांगतील. सकाळी चहाच्याही आधी मी टोक उचलून पाहते. आज तिसरा दिवस, अजून काही दिसत नाही. रुमाल पुन्हा ओला केला आहे. उद्या पाड्यावर जायचं आहे. सोनीबाईला काय सांगायचं, ते वाक्य या वेळी जुळवून ठेवलेलं नाही... जे असेल ते उद्याच सांगणार आहे.