सगळेच समाधानी

माझी आत्या पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभाग सांभाळायची. बोलायला तिखट, कामाला वाघ. कंपनीनं ग्राहकांच्या नोंदी ठेवायला नवीन सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश तीच झाली होती. कोणाकडे कुठलं यंत्र, काय बिघडलं, दुरुस्तीला कोण गेलं, सगळं एका जागी. तक्रार मिटली की ग्राहकाच्या मोबाइलवर मेसेज जायचा आणि त्यानं पसंती कळवली की पडद्यावर हिरवी खूण उमटायची.

काही महिन्यांत पडदा हिरवागार झाला. साहेब हवेत होते. आत्याला मात्र खटकू लागलं. लोक एवढे खूश, तर तिचा फोन दिवसभर का कोकलतोय? शिवाय शेरे वाचावेत तर सगळीकडे एकच वाक्य, ‘ग्राहक समाधनी’. त्यातली चूकसुद्धा तीच. तिनं साहेबांच्या कानावर घातलं, तर आकडे चांगले येताहेत त्यात खोट कशाला काढता, म्हणून त्यांनी तिलाच वाटेला लावलं.

एका दुपारी एक बाई फोनवर कडाडल्या. यंत्रातून थेंब येत नव्हता आणि नोंदीत बाई अत्यंत खूश होत्या. तावातावानं बोलून त्यांनी फोन आपटला. आत्यानं नोंदीतला नंबर फिरवला, तर घंटी पलीकडच्या मेकॅनिकांच्या खोलीत वाजली. फोन उचलला थोरल्या मेकॅनिकनं. त्याला सगळे बापू म्हणत.

आत्या फोन कानाला लावूनच आत गेली. “काय हो बापू, त्या घरच्या बाई तुम्हीच का?”

बापू खाली बघायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गोदामात सुटे भाग नव्हते. तक्रार रेंगाळली की साहेब सगळ्यांसमोर उभं करून झापायचे. म्हणून मेकॅनिकांनी ग्राहकांच्या नावापुढे स्वतःचेच नंबर घातले आणि स्वतःच पसंती कळवत सुटले.

“ताई, भाग नाही असं लिहायला त्यात जागाच नाही,” बापू म्हणाला. “मिटली नाही म्हणजे आमचीच चूक.”

राग काढावा कोणावर, हेच आत्याला कळेना. घरी येऊन तिनं भांड्यांची अशी आदळआपट केली की बाबा म्हणाले, सोड ती नोकरी. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकांना शेजारी बसवून तिनं खरे नंबर भरले आणि खोट्या मिटलेल्या तक्रारी पुन्हा उघडल्या. पडदा लालेलाल झाला. साहेब धावत आले. आत्यानं वाजणारा फोन त्यांच्या हातात दिला.

“आता तुम्ही बोला साहेब. मी जरा पाय मोकळे करून येते.”

ती सावकाश परतली, तेव्हा साहेब घामाघूम होऊन गोदामाशी भांडत होते.

भाग आले, पण रडतखडत. सॉफ्टवेअरमध्ये ‘भाग उपलब्ध नाही’ असा पर्याय आला. न विचारता नोंदी बदलल्या म्हणून आत्याला लेखी समज मिळाली. आणि वरच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं, की हा घोळ त्यांनीच पकडला.

बाबांचं डोकंच फिरलं. आत्या म्हणाली, “सांगू दे रे. आता निदान त्यांना तो पर्याय काढून टाकता येणार नाही.”