दाजींच्या गाडीचा हिरवा दिवा

आमच्या शेडमध्ये दोन गाड्या राहतात. एक ट्रॅक्टर, तो काम करतो. आणि एक लाल स्पोर्ट्स कार, तिला जपणं हेच आमचं काम.

गाडी माझी नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पनवेलला चौदाव्या मजल्यावर राहतात. तिथल्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीला ओरखडा काढला आणि दाजींनी ती थेट आमच्या गावी, कडावला आणून माझ्या ट्रॅक्टरशेजारी उभी केली. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी येतात आणि कर्जतपर्यंत जाऊन येतात. तेवढ्यातही गतिरोधक आला की खाली उतरतात, वाकून बघतात आणि मगच गाडी पुढं घेतात. (आमच्या रस्त्याला गतिरोधक इतके, की दाजी गाडी कमी चालवतात आणि स्वतःच जास्त चालतात.)

उभ्या उभ्या बॅटरी उतरू नये म्हणून त्यांनी एक चार्जर आणलाय. तो गाडीला थोडी थोडी वीज पाजत असतो आणि बॅटरी भरलेली असली की त्याच्यावर हिरवा दिवा दिसतो. दाजींचा रोज सकाळी फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, पाऊसपाणी विचारत नाहीत. "हिरवा आहे ना?" एवढंच. मी "हिरवा" म्हणतो आणि फोन ठेवतो. गेली चार वर्षं आमचं नातं एवढ्यावरच टिकून आहे.

तर दाजींच्या मुलीचं, म्हणजे माझ्या लाडक्या भाचीचं, रेवतीचं लग्न ठरलं. लग्न कर्जतच्या हॉलमध्ये, पण हळद आमच्या घरी. कारण आमच्याकडे हळद म्हणजे अख्खा गाव जेवायला, आणि गाव काही लिफ्टमध्ये मावत नाही. रेवतीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मामा, हॉलवर तू मला बाबांच्या गाडीतून न्यायचं. आणि मांडवात पण तूच हाताला धरून आणायचं." आता नवरीला मांडवात मामानंच आणायचं, ही रीतच आहे. पण तिनं तोंडानं मागितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दाजी तीन दिवस विचार करून गाडीला हो म्हणाले. मुलगी द्यायला त्यांना एवढा वेळ लागला नव्हता.

हळदीच्या दिवशी दुपारी लायटिंगवाला आला आणि त्याला शेडमधला एकुलता एक प्लग हवा झाला. चार्जर एका रात्रीपुरता काढा, काय बिघडतंय, असं त्याचं म्हणणं. मी अडकलो. ही गाडी झोपेतसुद्धा वीज खाते, असं दाजींनीच मला एकदा बजावलं होतं.

तेवढ्यात माझ्यातला ट्रॅक्टरवाला जागा झाला. भाताची चिखलणी आटोपली की आमचा ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा असतो. तेव्हा मी बॅटरीची मायनसची केबल सोडून ठेवतो. बारा वर्षांत एकदाही बॅटरी उतरली नाही! मग ट्रॅक्टरला जे चालतं ते हिला का चालू नये? या गाडीचं इंजिन मागं आणि पुढं डिकी. त्या डिकीतच बॅटरी. मी किल्लीचं बटण दाबून डिकी उघडली, पान्यानं मायनस सोडली, डिकी ठप्पकन लावली आणि हात झटकत बाहेर आलो.

"दाजींना इचारलं का?" माझ्या बायकोनं, सुनंदानं विचारलं.

"यात काय विचारायचं? बॅटरी ती बॅटरी," मी म्हणालो. माझं हे वाक्य ती आजही पाहुण्यांना म्हणून दाखवते.

लग्नाच्या दिवशी सकाळी दाजी आणि बहीण पाहुण्यांच्या स्वागताला आधीच हॉलवर गेले. मी नवा झब्बा घालून, कपाळाला कुंकू लावून शेडमध्ये आलो आणि किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. (बटण जोरात दाबलं की जास्त चालतं, असा माझा जुना समज आहे.) तरी काही नाही. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. डिकी विजेवर उघडते. वीज बॅटरीत. बॅटरी डिकीत. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून मी कपाट लावलं होतं.

मी डिकीच्या फटीत उलथनं घालून पाहिलं. सुनंदानं उलथनं काढून घेतलं आणि दाजींना फोन करा म्हणाली. मी म्हटलं, मरेन पण करणार नाही. तेवढ्यात दाजींचाच फोन आला.

"हिरवा आहे ना?"

मी चौफेर पाहिलं. समोर सुनंदा उभी होती, आणि तिचा नवा शालू हिरवागार होता.

"हिरवा," मी म्हणालो.

रेवती बाहेर आली ती मी घेतलेली पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून. तिच्याशी खोटं बोलायचं धाडस नव्हतं, सगळं सांगून टाकलं. पोरगी रडली नाही. तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली, तिच्या पोटातून एक छोटी लोखंडी किल्ली उपसली, दार उघडलं आणि आतलं गाडीचं इंग्रजी पुस्तक काढून, मुंडावळ्या एका हातानं बाजूला धरून वाचायला बसली. पायाजवळच्या झाकणाआड एक लाल खुंटी निघाली. तिला दुसऱ्या बॅटरीची प्लस जोडायची, दाराच्या कडीला मायनस, म्हणजे डिकी उघडेल.

दुसरी बॅटरी कुठं, तर शेजारीच, ट्रॅक्टरमध्ये. मी ती काढून आणली, केबल लावली आणि गाडीनं चोर शिरल्यासारखा जो भोंगा सुरू केला! हळदीला जेवून गेलेला गाव परत आमच्या दारात. कोंबड्या दुपारपर्यंत दिसल्या नाहीत. पण डिकी उघडली. मी मायनस जोडली, रेवतीनं किल्लीचं बटण दाबलं, भोंगा थांबला आणि गाडी सुरू झाली.

नवरीला घेऊन मी कर्जतला निघालो, पण मन बॅटरीत. अख्खी रात्र चार्जर नाही, वर भोंग्यानं उरलीसुरली वीज खाल्लेली. आता इंजिन बंद झालं की संपलं! मग पाठवणीला काय ढकलत न्यायची? हॉलच्या दारात गाडी उभी केली आणि मी रेवतीला म्हणालो, "तू मामीबरोबर हो पुढं. मी हिला चालू ठेवतो."

ती माझ्याकडं नुसती बघून गेली. मागून टेंपोनं आलेल्या सुनंदानं तिचा हात धरला आणि मांडवात नेलं. मी गाडीत. पाय अॅक्सिलरेटरवर, इंजिन मंदावून बंद पडू नये म्हणून. मंगलाष्टका लाउडस्पीकरवरून ऐकल्या, खिशातल्या अक्षता समोरच्या काचेवर टाकल्या आणि एकटाच ढसाढसा रडलो. दोनदा काच पुसायला वायपर लावले, पण पाणी काचेवर नव्हतंच.

लग्न लागल्यावर रेवती नवऱ्याला घेऊन गाडीपाशी आली, पाया पडायला. मागं फोटोग्राफर. आता उजवा पाय काढला तर इंजिनाचं काय? मी डावा पाय कसाबसा उचलून उजव्यावरून दाराबाहेर काढला. जावयानं आधी पायाकडं पाहिलं, मग रेवतीकडं, आणि मुकाट्यानं वाकला.

दाजी आले. "अरे विष्णू, बंद कर की गाडी. दोन तास पेट्रोल जाळतोयस."

मला राहवलं नाही. मायनस, भोंगा, सगळं ओकलो. दाजींनी शांतपणे हात आत घालून इंजिन बंद केलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"बॅटरी उतरायला तीन आठवडे लागतात," दाजी म्हणाले. "आणि केबल तर तूच सोडली होतीस. रात्रभर ती खाणार काय आणि उतरणार काय? भरलेलीच होती की."

बारा वर्षं मी हेच तर लोकांना सांगत होतो.

परवा लग्नाचा अल्बम आला. रेवतीनं एक पान खास मामासाठी ठेवलंय. त्यात वाकलेली नवरी आहे, वाकलेला जावई आहे आणि लाल गाडीच्या दारातून बाहेर आलेला माझा डावा पाय आहे.