उलटी मोजणी

लातुरात आमच्या कचेरीखाली भौतिकशास्त्राचा क्लास होता. तिथले सर दर रविवारी अस्त्रं बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे सिनेमे दाखवत. मीही मागच्या बाकावर बसे. चाचणीच्या स्फोटाची उलटी मोजणी सुरू झाली की सर टीव्ही बंद करत. भूकंपात त्यांचं घर पडलं होतं. तेच कारण असावं, असं मी धरलं होतं.

एकदा एक विद्यार्थिनी शस्त्र संशोधनाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज सहीला घेऊन आली.

“भर की पोरी. लई हुशार हाईस तू.”

“मग सिनेमाचा शेवट का दाखवत न्हाई, सर?”

सरांनी अर्ज खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी टीव्ही चालूच राहिला. मोजणी सुरू होताच सर अनवाणी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. स्फोट संपल्यावर आत आले, खिशातला अर्ज काढला आणि उभ्यानंच सही केली. ती कशामुळं केली, ते मला कळलेलं नाही.