कोऱ्या तळांचे बूट

आमची मावशी गेल्या महिन्यात गेली. लोक म्हणतात, कॉलेजात फरशी पुसायची ती. हो, पुसायची. पण पोरींची बास्केटबॉलची टीम आज उभी आहे ती तिच्यामुळे, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

एकोणीस वर्षं तिनं त्या कोर्टची लाकडी फरशी पुसली. खेळ चालू असताना घाम सांडला की मॉप घेऊन धावायची, नाहीतर पोरी घसरायच्या. पोरी तिला मॉपमावशी म्हणायच्या. त्यांचे फाटके बूटही तीच चिकटवायची. खिशात गमाची ट्यूब कायम.

तेव्हा गावातल्या दुसऱ्या, मोठ्या कॉलेजनं अकरा वर्षं कप कोणाला शिवू दिला नव्हता. बळी तो कान पिळी. कुठं चांगली पोरगी दिसली की फी माफ, हॉस्टेल फुकट, आणि उचलली. आमच्यात एक ताडमाड पोरगी होती, मावशी तिला शिडी म्हणायची. तिलाही आदल्या वर्षी नेली. मावशी चिडली होती. "रोप आपण वाढवायचं, आणि फुलं आली की कुंडी ह्यांनी उचलायची!"

त्यात प्रिन्सिपलनी सांगून टाकलं, यंदा कप नाही आला तर टीम बंद. पोरी जीव तोडून खेळल्या आणि फायनलला पोचल्या. फायनल आमच्याच कोर्टवर. समोर तेच, दुसरं कोण!

अर्ध्या खेळात आमच्या पोरी चौदा पॉइंटनी मागं. मावशी मॉप घेऊन समोरच्या टीमच्या बाकापुढून गेली. बाकावर सात राखीव पोरी पाय पसरून बसलेल्या, शिडीपण. मावशीची नजर तिच्या बुटांवर गेली. तिला नेताना दिलेले तेच बूट, पण तळ कोरे करकरीत. मावशी थबकलीच. आमच्याकडं असताना ह्याच पोरीचे बूट महिन्याला चिकटवावे लागायचे, आणि इथं वर्षभरात झिजलेच नाहीत? बाकीच्यांचे बघितले. सगळ्यांचे तसेच.

मॉप तिथंच टाकून ती कोचबाईंकडं गेली.

"बाई, त्यांच्या बाकावरच्या पोरींना वर्षभर कोणी खेळवलंच नाही."

"मावशी, आत्ता नको हो. आधीच तोंडचं पाणी पळालंय."

"तेच पळवायचंय त्यांचं. त्यांच्या दोन हुकमी पोरींचे तीन-तीन फाऊल झालेत. त्यांच्याच अंगावर चाल करून जा. पाच झाले की बाहेर. मग बाकावरून उठणार कोण? न वापरलेल्या कुलपाला गंज चढतो, बाई!"

बाई पोरींकडं वळल्या. "ऐकलंत ना? आपल्या नऊच्या नऊ आलटूनपालटून उतरतील. दमली की बाहेर, ताजी आत. आणि बॉल घेऊन त्या दोघींवरच घुसायचं."

घुसल्या की पोरी! त्या दोघींच्या नाकी नऊ आणले. एक बाहेर गेली. पाठोपाठ दुसरी. बाकावरच्या उतरल्या, शिडीपण, पण बॉल हातात आला की विंचू आल्यासारख्या फेकायच्या. चौदाचे नऊ झाले, नऊचे दोन. आमची चिमणी, टीममधली सगळ्यात बुटकी, तिनं लांबून टाकला आणि आम्ही एकानं पुढं. प्रिन्सिपल खुर्चीवर उभे!

शेवटचे सहा सेकंद. बॉल शिडीच्या हातात, जाळीच्या अगदी खाली. आमच्याकडं असताना डोळे मिटून टाकायची ती. पण आज घाईघाईत फेकला. बॉल रिंगला लागून बाहेर आला, चिमणीनं झडप घातली आणि शिट्टी वाजली.

छप्पर उडायचंच राहिलं होतं. मावशी मात्र आधी शिडीकडं गेली. ती खाली बसून रडत होती.

"रडतेस काय गं? हात तुझा चांगलाय. त्यांनी बसवून ठेवला."

"मावशी, परत येऊ?"

"ये की. पण हे बूट झिजवायचे हां. माझा गम वाळून चाललाय."

टीम राहिली. शिडी पुढच्याच वर्षी परत आली, आणि कपही पुन्हा आमच्याकडंच.

आता शिडीच तिथं कोच आहे. दर सामन्याआधी पोरींना पाय वर करायला लावते. जिचे तळ कोरे दिसतील तिला आधी उतरवते. मावशीला शेवटचं भेटायला आली तेव्हा पायात तेच जुने बूट होते, तीन ठिकाणी चिकटवलेले.