चार फूट सात इंच

"काकींना ती छोट्या मुलांची गाडी आहे ना, तिकडे पाठवा." मागून कुणीतरी हळूच म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या.

आईनं ऐकलं, पण ती वळली नाही. रोलर कोस्टरच्या दाराशी जिराफाचं चित्र रंगवलेली फळी होती आणि जिराफाच्या मानेवर एक आडवी लाल रेघ. आई त्या फळीला पाठ लावून उभी होती आणि रेघ तिच्या डोक्याच्या वर राहिली होती. समोर निळा युनिफॉर्म घातलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले माझे बाबा उभे होते.

त्यांनी तिला चपला काढायला लावल्या होत्या. आता त्यांनी तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला, तसाच फळीला टेकवला आणि म्हणाले, "नाही होत. तुम्ही जरा बाजूला थांबा."

बाबा आईला 'तुम्ही' म्हणाल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. घरी ते तिला 'काय गो' अशीच हाक मारायचे. त्या दारात ते सगळ्या बायकांना 'तुम्ही' म्हणत, म्हणून तिलाही म्हणाले. आईनं चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि कठड्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे होते.

गिरण्यांचा संप मी पाहिलेला नाही. माझा जन्म त्यानंतरचा. बाबा तेव्हा परळच्या एका गिरणीत मागावर होते. संपात ती नोकरी गेली. मग कुठे वॉचमन, कुठे दादरच्या फुलबाजारात ओझी उचलणं, असं करत ते पंचेचाळिशीला आले. तोवर आमच्या आसपासच्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्याच एका मॉलच्या वरच्या मजल्यावर खेळण्यांचा मोठा हॉल होता आणि त्यात एक बुटका, पण बराच वळणावळणांचा रोलर कोस्टर. बाबा त्याला 'माझी गाडी' म्हणत.

नोकरी लागली तेव्हा त्यांना इंग्रजीत छापलेल्या सूचनांचे कागद मिळाले होते. ते त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर माझ्यापुढे ठेवले. मी इंग्रजी शाळेत होते. तिथे माझं इंग्रजी कुणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी कधी बोलायचे नाही आणि चाळीत माझं मराठी पुस्तकी वाटतं म्हणून मुली चिडवायच्या, त्यामुळे तिथेही गप्पच. पण त्या कागदांचं मी एका वहीत स्वच्छ मराठी करून दिलं. किमान उंची चार फूट सात इंच. साडी, ओढणी, मोकळे केस चालणार नाहीत. पाय खाली टेकले पाहिजेत, पाठ मागे टेकली पाहिजे. मांडीवरची दांडी हातानं ओढून बघावी.

मोठ्या माणसाला कशाला उंचीची अट, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी पलंगाच्या कडेवर मला शेजारी बसवलं आणि आमच्या दोघांच्या मांड्यांवर लाटणं आडवं धरलं. दोघांना मिळून एकच दांडी असते, ती आधी जाडजूड माणसाच्या मांडीवर अडते आणि शेजारचा सैल राहतो, हे त्यांनी दाखवलं. त्यात पाय टेकत नसतील तर वळणावर तो नुसता धरून बसलेला असतो. मग लाटणं बाजूला ठेवून त्यांनी मागाबद्दल सांगितलं, जे ते सहसा सांगत नसत. आडवा धागा घेऊन धावणारा धोटा उडून अंगावर येऊ नये म्हणून मागाला एक आडवी सळई असायची. धागा तुटला की ती मध्ये येते म्हणून पुष्कळ जण ती काढून ठेवत. शेजारच्या मागावरच्या त्यांच्या दोस्तानं काढली होती आणि बाबांनी ते पाहिलं होतं. चालतंय, असं त्यांनीच त्याला म्हटलं होतं. त्याचा डावा डोळा गेला.

"तेव्हापासून मी कुणाला चालतंय म्हणत नाही," बाबा म्हणाले.

मला हे सगळं माहीत होतं. आईला अटीमागचं हे काहीच माहीत नव्हतं. ती तेव्हा नळावर होती.

वर्षातून एकदा, सोमवारी सकाळी मॉल उघडण्याआधी, कामगारांच्या घरच्यांना खेळण्यांत फुकट बसवायचे. त्या वर्षी आईनं जायचं ठरवलं. ती एरवी कुठेच जायची नाही. दिवसभर साड्यांना फॉल लावायची आणि रात्री बाबा सांगायचे ते ऐकायची: आज एक आजोबा बसले आणि उतरल्यावर नातवाला मिठी मारून रडले, आज एका बाईनं मंगळसूत्र दातांत धरलं होतं. ऐकता ऐकता तिची सुई थांबायची. एकदा तिनं विचारलं, की वरून खाली येताना पोटात नेमकं काय होतं. बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ते सांगता यायचं नाही, बसूनच बघायला हवं.

साडी चालत नाही म्हटल्यावर तिनं स्वतःसाठी पंजाबी ड्रेस शिवायला घेतला. तिच्या आयुष्यातला पहिला. मोरपंखी रंगाचा, उरलेल्या कापडाचा. चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. एकीनं विचारलं, आता गॉगल कधी घेणार. आई लाजून हसली. तिला कुणी चिडवतंय आणि ती खूश आहे, असं मी क्वचितच पाहिलं होतं.

रविवारी दुपारी ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्या हातात टेप दिली. "तुझे बाबा उंचीचं कायतरी म्हणत होते. बघ गो, होतंय काय."

मी टेप लावली. चार फूट पाच इंच. मी टेप परत लावली. तिची टाच चौकटीला नीट टेकली आहे का, तेही वाकून पाहिलं. ती समोर बघत होती, ताठ, हनुवटी वर करून, शाळेत रांगेत उभी राहिल्यासारखी. खुर्चीच्या पाठीवर ड्रेस इस्त्री करून टाकलेला होता.

मी म्हणाले, "होतंय."

मोठ्या माणसांना कोण मोजतंय, असं मी मनाशी म्हटलं. आणि दारात बाबाच तर असणार. पण ज्यांना ते नियम मीच वहीत लिहून दिले होते आणि जे कुणालाच चालतंय म्हणत नाहीत, त्या बाबांबद्दल मी असा विचार केला, याची लाज मला नंतर वाटली. त्या दुपारी नाही वाटली. त्या दुपारी आईनं आंबोळ्या केल्या आणि मला दोन जास्त वाढल्या.

सोमवारी ते तसं झालं. बाकीच्यांना घेऊन गाडी तीनदा फिरली. प्रत्येक फेरीआधी बाबा एकेक दांडी ओढून बघत होते. आमच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मॅनेजर हसत म्हणाले, अरे, घरच्या माणसाला काय मोजतोस, बसव की. बाबांनी फक्त मान हलवली. आई कठड्याशी उभी राहून गाडी वर चढताना आणि खाली येताना बघत होती, आणि खाली येताना दर वेळी तिच्या हातातल्या चपला घट्ट धरल्या जात होत्या.

घरी येऊन तिनं ड्रेसची घडी घालून ती ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवली आणि बाबांशी बोलणं बंद केलं.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बोलणं बंद म्हणजे सगळं बोलणं माझ्यामार्फत. तुझ्या बापाशीक सांग, पाणी गेला. आवशीक सांग, माका भात नको. दोघं हाताच्या अंतरावर बसलेली असायची आणि मी मध्ये बसून एकाचं वाक्य दुसऱ्याकडे द्यायचे, जरी ते दोघांनीही ऐकलेलं असायचं. ते काम मला सोपं जायचं. त्यात माझं असं काही बोलावं लागत नसे.

बाबांनी दोनदा प्रयत्न केला. एकदा येताना तिच्या आवडीची सुकी करंदी, बारीक कोलंबी, आणली. आईनं ती डब्यात भरली, पण शिजवली नाही. ते उशिरापर्यंत कॉटवर बसून आपलेच तळहात बघत होते. तिनं स्वतःच्या उंचीबद्दल खात्री करून घेतली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, की उंची पुरत असतानाही नवऱ्यानं चार लोकांत शिस्त दाखवायला आपल्याला बाहेर काढलं.

बुधवारी जेवताना तिनं ताटाकडे बघत म्हटलं, "तेंका विचार, सगळ्यांदेखत माझी शोभा करून काय गावला?"

बाबांचा घास हातातच राहिला. तो परत ताटात ठेवून ते म्हणाले, "आवशीक सांग, काय एक गावूक नाय." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की या वेळी खरंच कुणीतरी तो पलीकडे पोचवायला हवा होता.

दोघंही माझ्याकडे बघत होती. मी ताट सरकवलं.

"आई, रविवारी मी खोटं बोलले. टेपवर चार फूट पाच इंचच होतं. मी दोनदा बघितलं होतं. बाबांना मी हे सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी तुला बसू दिलं नाही ते बरोबर केलं."